बँकेचा व्हॅल्युअर येतो, वीस मिनिटांत घर बघून जातो... त्याची फी तुम्ही भरता, पण ती जाते कुणाच्या खिशात?

घर बांधायला, दुरुस्तीला किंवा धंद्याला कर्ज काढायचं म्हणून तुम्ही बँकेत कागद देता. दोन-चार दिवसांनी एक अनोळखी माणूस मोटारसायकलवर येतो. हातात टेप, खिशात मोबाईल. चार भिंती मोजतो, समोरून, मागून, आतून फोटो काढतो, रस्ता किती फुटी आहे विचारतो आणि निघून जातो. चहाला थांबा म्हटलं तरी थांबत नाही, कारण त्याला अजून दोन गावं करायची असतात.

आठ दिवसांनी बँकेतून फोन येतो, "व्हॅल्युएशन कमी आलंय, मागितलं तेवढं कर्ज बसत नाही." आपल्या हिशोबाने घर बावीस लाखांचं, आणि कागदावर आलं सतरा लाखांच्याही खाली! वर त्या व्हॅल्युएशनची फी आपल्याच खात्यातून कापलेली.

मग गावात चर्चा सुरू होते. कुणी म्हणतं त्याला काही दिलं नाही म्हणून कमी लावलं. कुणी म्हणतं बँकेनेच सांगितलं असेल. खरं काय असतं? हा माणूस कोण, तो किंमत कशी काढतो, त्याची फी कुणाच्या हातात पडते आणि या फीवरून खुद्द व्हॅल्युअर मंडळीच का नाराज आहेत, हे आज सोप्या भाषेत समजून घेऊ. कारण त्याच्या सहीचा एक कागद तुमचं कर्ज ठरवतो, आणि हप्ते थकले तर तुमच्या घराच्या लिलावाची किंमतही असाच एक कागद ठरवतो.

हा व्हॅल्युअर असतो तरी कोण?

पहिली गोष्ट, तो बँकेचा नोकर नसतो. तो स्वतंत्र व्यावसायिक असतो, बहुतेक वेळा सिव्हिल इंजिनिअर किंवा आर्किटेक्ट. बँकेने त्याचं नाव आपल्या यादीत घेतलेलं असतं. या यादीलाच 'पॅनल' म्हणतात.

व्हॅल्युअरची सरकारी नोंदणी दोन प्रकारची दिसते. एक जुनी, संपत्ती कर कायदा १९५७ च्या कलम ३४ एबी खालची. तो कर आता बंद झाला, पण ही नोंदणी बँकांच्या कामात अजून चालते. दुसरी नवी, कंपनी कायदा २०१३ च्या कलम २४७ आणि २०१७ च्या नियमांनुसार. त्यासाठी प्रशिक्षण आणि परीक्षा असते आणि नोंदणी भारतीय दिवाळखोरी व नादारी मंडळ करतं. त्यात जमीन व इमारत हा एक गट, यंत्रसामग्री हा दुसरा आणि शेअर्स व आर्थिक मालमत्ता हा तिसरा.

रिझर्व्ह बँकेने जानेवारी २००७ मध्ये बँकांना सूचना दिली होती की तारण मालमत्तेचं मूल्यांकन पात्र आणि स्वतंत्र व्हॅल्युअरकडूनच करून घ्या, आणि त्या मालमत्तेत त्याचा प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हितसंबंध नसावा. ५० कोटी आणि त्यावरच्या मालमत्तेला तर किमान दोन स्वतंत्र अहवाल लागतात. आपल्या गावातल्या घराला मात्र एकाच माणसाचा एकच कागद. म्हणून तो नीट होणं जास्त गरजेचं.

किंमत काढतात कशी?

सर्वसाधारण पद्धत अशी, की जागेची किंमत वेगळी काढायची, बांधकामाची वेगळी आणि मग दोन्हींची बेरीज करायची. एक उदाहरण घेऊ. आकडे फक्त समजण्यापुरते आहेत.

समजा बापूंची बिनशेती झालेली दोन गुंठे जागा आहे. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, म्हणजे जागा झाली २,१७८ चौरस फूट. आसपासच्या खरेदी-विक्रीवरून ३५० रुपये फूट दर धरला, तर जागेचे झाले ७ लाख ६२ हजार ३०० रुपये.

त्यावर ८०० चौरस फुटांचं पंधरा वर्षांचं पक्कं घर. आज तसंच घर बांधायला फुटाला १,५०० रुपये लागतील असं धरलं, तर १२ लाख रुपये. पण घर जुनं, म्हणून घसारा वजा होतो. घराचं आयुष्य ६० वर्षं धरलं आणि शेवटी दहा टक्के किंमत उरते असं मानलं, तर पंधरा वर्षांचा घसारा साडेबावीस टक्के, म्हणजे २ लाख ७० हजार. बांधकामाची किंमत राहिली ९ लाख ३० हजार.

एकूण झाले १६ लाख ९२ हजार ३०० रुपये. बापूंच्या मनातले बावीस लाख आणि कागदावरचे सतरा लाख यात फरक पडतो तो इथे. बापू आजच्या बांधकामाचा खर्च धरतात, व्हॅल्युअर त्यातून पंधरा वर्षं वजा करतो. बापू रंगरंगोटी, देवघर, आंब्याचं झाड, सगळं धरतात, व्हॅल्युअर बाजारात गिऱ्हाईक कशाचे पैसे देईल एवढंच बघतो.

आणि हे इथे संपत नाही. बँकेच्या अहवालात बहुधा तीन किमती असतात. पहिली बाजारभावाची. दुसरी, विकायला काढलं तर प्रत्यक्ष पदरात पडेल ती. तिसरी, घाईघाईत, अडचणीत विकावं लागलं तर येईल ती. दुसरी पहिल्याच्या ९० टक्के आणि तिसरी ८० टक्के धरली, तर बापूंच्या घराचे आकडे होतात साधारण १५ लाख २३ हजार आणि १३ लाख ५४ हजार. कर्ज कोणत्या आकड्यावर द्यायचं हे बँक आपल्या धोरणाप्रमाणे ठरवते. त्यामुळे "किंमत सतरा लाख आली, मग कर्ज एवढं कमी का?" हा प्रश्न व्हॅल्युअरला नाही, शाखेत विचारायचा.

रेडीरेकनर म्हणजे सरकारचा वार्षिक बाजारमूल्य दर तक्ता. तो मुद्रांक शुल्कासाठी असतो. व्हॅल्युअर तो आधाराला घेतो, पण तोच अंतिम बाजारभाव असं नाही.

गावातलं घर मोजणं अवघड का जातं?

शहरात एकाच इमारतीतले चार फ्लॅट वर्षभरात विकले जातात, त्यावरून दर कळतो. गावात तसं नाही.

- गावठाणातली घरं क्वचितच विकली जातात. वडिलोपार्जित घर भावाभावांत वाटलं जातं, बाहेरच्याला विकलं जात नाही. मग तुलना कशाशी करायची?
- खरेदीखतावरचा आकडा आणि प्रत्यक्ष व्यवहाराचा आकडा बऱ्याचदा वेगळा असतो. व्हॅल्युअरच्या हातात फक्त कागदावरचा आकडा येतो. व्यवहार कमी दाखवायची सवय अशी फिरून आपल्याच अंगावर येते.
- गावठाणातल्या अनेक घरांना ग्रामपंचायतीचा नमुना ८ एवढाच कागद असतो. तो घरपट्टीच्या आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पक्का पुरावा नव्हे. २४ एप्रिल २०२० ला सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाण मोजून मिळकत पत्रिका दिल्या जात आहेत. ज्यांना ती मिळाली त्यांची वाट थोडी सोपी झाली.
- सातबारावर सहा नावं आणि कर्ज मागणारा एक. जमीन भोगवटादार वर्ग २ ची, म्हणजे हस्तांतराला परवानगी लागणारी. रस्ता वहिवाटीचा, पण कागदावर नाही. अशा प्रत्येक गोष्टीने किंमत खाली येते किंवा प्रकरणच अडतं.
- शेतजमिनीला सरफेसी कायदा २००२ लागू होत नाही, म्हणजे बँकेला त्या कायद्याखाली ती जप्त करून विकता येत नाही. म्हणून शेतात बांधलेल्या, बिनशेती न केलेल्या घरावर कर्ज द्यायला बँका बिचकतात.

म्हणजे गावातल्या कामाला कष्ट जास्त आणि वेळही जास्त. तलाठी, ग्रामपंचायत, शेजारीपाजारी, सगळीकडे विचारपूस करावी लागते. आता फीकडे येऊ.

फी तुमची, पण हातात कुणाच्या?

फीचे दोन रस्ते आहेत.

पहिला रस्ता सरळ. बँकेची शाखा पॅनलवरच्या व्हॅल्युअरला थेट काम देते. तो येतो, बघतो, अहवाल देतो. बँक ठरलेल्या दराने फी देते आणि तुमच्या खात्यातून वसूल करते. सरकारी बँकांत आणि बऱ्याच सहकारी बँकांत अजून हा रस्ता दिसतो.

दुसरा रस्ता फिरून जातो. काही खासगी बँका, घरकर्ज कंपन्या आणि फायनान्स कंपन्या शहरातल्या मोठ्या व्हॅल्युएशन फर्मला अख्ख्या विभागाचं काम देऊन टाकतात. ती फर्म तालुक्याच्या गावातल्या एखाद्या इंजिनिअर पोराला फोन करते, "अमुक गावाला जा, फोटो आणि मापं व्हॉट्सॲपवर टाक." तो टाकतो. अहवाल शहरातल्या ऑफिसात टाईप होतो आणि सही असते फर्मच्या नोंदणीकृत व्हॅल्युअरची, ज्याने तुमचं गाव पाहिलेलं असेलच असं नाही.

समजण्यासाठी एक हिशोब करू. तुमच्याकडून ३,००० रुपये फी आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ५४० रुपये, असे ३,५४० घेतले. फर्मने त्यातून जागेवर जाणाऱ्याला समजा ८०० दिले. त्याचं गाव ३५ किलोमीटरवर, येऊन-जाऊन ७०. पेट्रोल दीडशेच्या वर. अर्धा दिवस गेला. कुलूप असेल तर पुन्हा चक्कर, आणि तिचे पैसे नाहीत. आता सांगा, तो वीस मिनिटांपेक्षा जास्त वेळ का थांबेल?

तुम्हाला वाटतं आपण तीन हजार एका जाणकाराला दिले. प्रत्यक्षात तुमच्या घरात जो माणूस आला, त्याच्यापर्यंत त्यातला थोडासाच भाग पोचला. उरलेला ऑफिस, सॉफ्टवेअर, तपासणी आणि नफा यात गेला. हे बेकायदेशीर आहे असं नव्हे, पण तुम्हाला कुणी ते सांगत नाही.

व्हॅल्युअर मंडळींचं दुखणं काय?

या धंद्यातल्या लोकांशी बोलायला बसलं की त्याच त्या गोष्टी कानावर येतात.

*एक, फी किमतीला बांधलेली, कष्टाला नाही.* अनेक ठिकाणी फी मालमत्तेच्या किमतीच्या टप्प्यांवर ठरते. याचं मूळ जुनं आहे. संपत्ती कराच्या नियमांत व्हॅल्युअरच्या फीची कमाल मर्यादा अशी होती: पहिल्या ५ लाखांवर अर्धा टक्का, पुढच्या १० लाखांवर ०.२ टक्के, त्यापुढच्या ४० लाखांवर ०.१ टक्का आणि उरलेल्यावर ०.०५ टक्का. या हिशोबाने बापूंच्या घराला जास्तीत जास्त ४,६९२ रुपये होतात. शहरातला एक कोटीचा फ्लॅट ऑफिसपासून दोन किलोमीटरवर असतो, कागद एका फाईलमध्ये मिळतात आणि फी जास्त. गावातलं घर ३५ किलोमीटरवर, कागद चार कचेऱ्यांत आणि फी कमी. शिवाय फी किमतीवर असेल तर किंमत वाढवली की फीही वाढते, ही खोट वेगळीच.

*दोन, दर जुने, पैसे उशिरा.* पेट्रोल, टायपिंग, रंगीत फोटो, सगळं महागलं. पॅनलचे दर मात्र वर्षानुवर्षं तेच राहतात अशी तक्रार असते. काही ठिकाणी कर्ज नामंजूर झालं की फी लटकते. फर्ममार्फत काम असेल तर बिल दोन-तीन महिन्यांनी निघतं. "काम आमचं आधी, पैसे आमचे शेवटी" असा त्यांचा सूर असतो.

*तीन, दबाव.* पार्टी म्हणते थोडं वाढवून द्या. एजंट म्हणतो प्रकरण बसवायचंय. कधी शाखेतूनही इशारा येतो. नाही म्हटलं की पुढचं काम दुसऱ्याकडे जातं. वास्तविक २०१७ च्या नियमांतली आचारसंहिता स्पष्ट आहे. व्हॅल्युअरने स्वतंत्र आणि निःपक्ष राहायचं, फी पारदर्शक आणि केलेल्या कामाच्या मानाने वाजवी घ्यायची, आणि किंमत अमुक आली तर अमुक फी असा सौदा करायचा नाही. पण काम देणारा हात एकच असला की नाही म्हणणं महाग पडतं.

*चार, जोखीम सगळी सहीवर.* कर्ज बुडालं आणि मूल्यांकन फुगवलेलं निघालं, तर पहिलं बोट व्हॅल्युअरकडे जातं. बँकांची संघटना सावधगिरीची यादी ठेवते. फसवणुकीत हात असलेले व्हॅल्युअर, वकील, बिल्डर वगैरेंची नावं त्यात जातात. एकदा नाव गेलं की काम बंद. पोलीस केस वेगळी. फी दोन-तीन हजारांची आणि जबाबदारी कर्ज फिटेपर्यंतची!

यावर व्हॅल्युअरांच्या धंद्यासाठी वेगळा कायदा असावा ही मागणी जुनी आहे. केंद्राने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने २०२० मध्ये तशा विधेयकाचा मसुदाही दिला.

मधल्या फर्मची बाजूही ऐका

सगळा दोष मधल्या फर्मवर टाकणं बरोबर नाही. बँकांचं म्हणणं असं असतं, की शंभर तालुक्यांत शंभर व्हॅल्युअर सांभाळण्यापेक्षा एकाच ठिकाणी जबाबदारी असलेली बरी. अहवाल एकाच नमुन्यात येतो, वेळेत येतो आणि दुसरा माणूस तो तपासतो. शिवाय शाखेतला साहेब आणि ठरावीक व्हॅल्युअर यांची मिलीभगत तुटते. गावोगाव अशी फुगवलेली प्रकरणं झालेली आहेत, त्यामुळे हा मुद्दा पोकळ नाही.

प्रश्न मधला असावा की नसावा हा नाहीच. जो घरात येऊन मापं घेतो त्याला पुरेसे पैसे मिळतात का, आणि पैसे भरणाऱ्याला त्याचा हिशोब दिसतो का, हा खरा प्रश्न आहे.

अमेरिकेत हेच भांडण केव्हाच झालंय

हे दुखणं आपल्याकडचंच आहे असं समजू नका. अमेरिकेत घराची किंमत काढणाऱ्याला अप्रेझर म्हणतात. २००८ च्या घरकर्ज संकटाआधी तिथे कर्ज देणारे अप्रेझरवर दबाव आणून किमती फुगवून घेतात, अशी ओरड होती. न्यूयॉर्क राज्याचे तेव्हाचे ॲटर्नी जनरल अँड्र्यू कुओमो यांनी हा विषय लावून धरला. त्यातून एक आचारसंहिता तयार झाली आणि १ मे २००९ पासून लागू झाली. कर्ज विकणाऱ्या माणसाने अप्रेझर निवडायचा नाही, असा तिचा गाभा.

मग निवडायचा कुणी? तिथे मधल्या कंपन्यांचं फावलं. त्यांना अप्रेझल मॅनेजमेंट कंपनी म्हणतात. काम कंपनीकडे जातं, कंपनी ते अप्रेझरला वाटते. नियम आणला दबाव तोडायला, पण फीचा मोठा वाटा मधे राहू लागला असं अप्रेझर म्हणू लागले. जो स्वस्तात आणि लवकर करेल त्याला काम, मग तो त्या भागातला असो वा दूरचा. घर घेणाऱ्याला वाटायचं सगळे पैसे अप्रेझरला गेले.

२०१० मध्ये डॉड-फ्रँक कायदा आला. त्यात लिहिलं की अप्रेझरला त्या भागात रूढ असलेली आणि वाजवी फी द्यावी. पण 'रूढ आणि वाजवी' म्हणजे किती, यावर वाद सुरू झाला. लुईझियाना राज्याच्या अप्रेझर मंडळाने ही तरतूद कडक राबवायला घेतली, तर २०१७ मध्ये केंद्रीय व्यापार आयोगानेच त्या मंडळावर स्पर्धा रोखल्याची तक्रार दाखल केली. म्हणजे एक कायदा म्हणतो वाजवी फी द्या, आणि दुसरा म्हणतो फी ठरवून स्पर्धा मारू नका.

त्याच देशात एक वेगळी पद्धतही आहे. माजी सैनिकांच्या घरकर्जासाठी सरकारी विभाग स्वतःच अप्रेझरची यादी ठेवतो, पाळीपाळीने काम देतो आणि फीचा तक्ता जाहीर करतो. मर्जीतल्या माणसाला काम द्यायची सोय नाही आणि फीही सगळ्यांना माहीत. आपल्याकडच्या बँकांनी यातून घेण्यासारखं बरंच आहे.

तुमचं नुकसान कुठे होतं?

किंमत कमी लागली, तर नुकसान लगेच दिसतं. कर्ज कमी पडतं, बांधकाम स्लॅबवर थांबतं आणि उरलेले पैसे सावकाराकडून महाग व्याजाने आणावे लागतात.

किंमत जास्त लागली, तर नुकसान उशिरा दिसतं आणि मोठं असतं. ऐपतीपेक्षा जास्त कर्ज मिळतं, हप्ता झेपत नाही, खातं थकतं. सरफेसी कायद्याखाली विक्री करायची तर बँकेला मान्यताप्राप्त व्हॅल्युअरकडून पुन्हा मूल्यांकन करून राखीव किंमत ठरवावी लागते. तेव्हा किंमत खरी निघते, म्हणजे खाली येते. घर जातं आणि वर बाकीही राहते. म्हणून "साहेब, थोडं वाढवून द्या" म्हणणारा स्वतःच्याच घराखाली सुरुंग लावत असतो.

आता तुम्ही काय करायचं?

१. कागद एका पिशवीत तयार ठेवा. खरेदीखत, सातबारा किंवा मिळकत पत्रिका, नमुना ८, घरपट्टी पावती, बिनशेती आदेश, बांधकाम परवानगी आणि मंजूर नकाशा, मोजणीचा नकाशा. कागद नसला की व्हॅल्युअर सावध होतो आणि आकडा खाली धरतो.

२. पाहणीच्या वेळी स्वतः हजर राहा. चतुःसीमा दाखवा. मागची खोली, वरचा मजला, बोअर, कंपाउंड मोजलं की नाही बघा. घर कोणत्या साली बांधलं ते पुराव्यासह सांगा. पंधरा वर्षांचं घर पंचवीस वर्षांचं लिहिलं गेलं तर घसारा वाढतो.

३. आलेल्याचं नाव विचारा. कुणाकडून आला, अहवालावर सही कुणाची असणार, हे विचारायला संकोच नको. नम्रपणे विचारलं तर कुणी रागवत नाही.

४. हातात रोख देऊ नका. पेट्रोलला द्या म्हणून शंभर-दोनशे मागितले तरी नाही. फी बँकेतून जाते. जीएसटी लावला असेल तर पावतीवर जीएसटी नंबर हवा.

५. कर्जाचा मुख्य तथ्य तक्ता मागा. रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०२४ च्या परिपत्रकानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ कर्जांना हा तक्ता द्यावाच लागतो, आणि तोही तुम्हाला समजेल अशा भाषेत. बँकेत त्याला 'केएफएस' म्हणतात. त्यात व्हॅल्युएशन फीचा रकाना वेगळा असतो. बँक दुसऱ्यासाठी म्हणून वसूल करते त्या पैशाची पावती तुम्हाला मिळायला हवी. तक्त्यात नसलेला खर्च तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही.

६. अहवालाची प्रत लेखी मागा. बँक देईलच असं नाही, पण मागितल्याची पोच तुमच्याकडे राहते. निदान क्षेत्रफळ, बांधकामाचं वर्ष, मजले आणि धरलेला दर एवढं तरी विचारून घ्या.

७. भांडू नका, चूक दाखवा. "किंमत कमी लावली" म्हणून काही होत नाही. "वरचा मजला मोजला नाही, हा बघा मंजूर नकाशा" असं लिहून दिलं तर फेरविचार होऊ शकतो. जवळपासच्या अलीकडच्या खरेदीखताची प्रत जोडली तर आणखी चांगलं. दुसऱ्या व्हॅल्युअरकडून मूल्यांकनाची विनंती करता येते, फक्त दुसरी फी कोण भरणार ते आधी विचारा.

८. दाद मागायची जागा लक्षात ठेवा. फीबद्दल किंवा सेवेबद्दल तक्रार आधी बँकेत लेखी करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. माहितीसाठी १४४४८ हा मोफत क्रमांक आहे. गावातली पतसंस्था मात्र रिझर्व्ह बँकेच्या कक्षेत येत नाही, तिथे सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात जावं लागतं. सरफेसीची कारवाई सुरू झाली आणि ती चुकीची वाटत असेल, तर ४५ दिवसांच्या आत कर्जवसुली न्यायाधिकरणात अर्ज करावा लागतो. मुदत चुकवू नका.

शेवटी एवढंच

व्हॅल्युअर घरी आला की काही जण त्याला साहेब समजून मागेपुढे करतात, तर काही जण चोर समजून संशयाने बघतात. तो दोन्ही नाही. बऱ्याचदा तो आपल्याच तालुक्यातला, आपल्यासारखाच उन्हातान्हात फिरणारा माणूस असतो. त्याला कामाचे पुरते पैसे मिळाले तर तो पुरता वेळ देईल, आणि पुरता वेळ दिला तर आकडा खऱ्याच्या जवळ जाईल. फीचा हा विषय त्याच्या पोटाचा आहे तसाच आपल्या घराचाही आहे.

म्हणून पुढच्या वेळी कर्जाच्या कागदांवर सही करताना 'व्हॅल्युएशन फी' या ओळीवर बोट ठेवा आणि विचारा, हे पैसे कुणाला जातात? असं शंभर जणांनी विचारलं, तर शाखेतल्या साहेबालाही त्याचं उत्तर शोधून ठेवावं लागेल.

घर किंवा जागा तारण ठेवून कर्ज काढणारं कुणी ओळखीत असेल, तर ही माहिती त्यांना आणि गावच्या ग्रुपवर जरूर पाठवा.